पाण्याच्या भुयारातला उन्हाळा

मे महिना लागला की लोक आंब्याच्या पेट्या उतरवून घेतात, मी भुयारात उतरतो. वय पंचेचाळिशीच्या पुढं गेलंय, केसांनी कपाळावरून माघार घेतलीय, पुण्याच्या ऑफिसात चार माणसं मला विचारून रजा टाकतात. आणि तरीही दरवर्षी या दिवसांत मी व्हिडिओ गेमचं हातात मावणारं यंत्र घेऊन, जिभेचं टोक बाहेर काढून, एका बुटक्या तलवारवाल्याला अंधाऱ्या खोल्यांतून पळवत असतो. खेळ जुनाच आहे. फक्त आता तो नव्या रंगात, नव्या यंत्रावर मिळतो. त्यातला शेवटचा राक्षस माझ्या हातून इतक्यांदा मेलाय, की मला बघून तो स्वतःच आडवा होत असेल.

बायको म्हणते, "संपलेला खेळ परत परत काय खेळायचा?"

"तू दरवर्षी त्याच कुरडया घालतेस की."

"त्या खाता येतात," ती म्हणते आणि विषय संपतो.

तिला कसं सांगणार? त्यातली सोपी भुयारं मी खेळतच नाही. जंगलातलं भुयार म्हणजे बागेतला फेरफटका. वाळूचं जरा बरं, पण तिथंही एकदा दारं कळली की झालं. मला लागतात ती अवघड, चिडवणारी, एका चुकीला पार दारात आणून टाकणारी. ज्या खोलीत एकेकाळी रडकुंडीला आलो होतो, त्याच खोलीत आता पाय न थबकता वळायचं, वटवाघूळ कुठल्या कोपऱ्यातून येणार हे आधी ठाऊक असायचं, यातलं सुख ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. आणि सगळ्यांत बदनाम भुयार म्हणजे पाण्याचं. त्याचं नाव काढलं की खेळणाऱ्या भल्याभल्यांचे चेहरे पडतात. पण त्या भुयारात जेवढा उन्हाळा आमचा गेला, तेवढा दुसऱ्या कुणाचा गेला असेल असं मला वाटत नाही. कारण आम्ही सोलापूरचे.

त्या वर्षी दहावीची परीक्षा देऊन मी आणि इरफान मोकळे झालो होतो. इरफान म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. भिंत एवढी पातळ, की त्याला शिंक आली तर आई इकडून "सत्तर वर्सं जगशील" म्हणायची. त्याच्या सौदीतल्या मामूंनी सुट्टीवर येताना टीव्हीला जोडायचं तेव्हाचं यंत्र आणलं, सोबत ही एकच कॅसेट. इरफानच्या घरात टीव्हीपेक्षा माणसं जास्त, म्हणून यंत्र आमच्याकडे आलं. वडील एसटीत, दिवसभर गाडीवर. आमचा टीव्ही बुद्धाच्या तसबिरीखाली, शिसवी रंगाच्या पेटीत. त्या तसबिरीतली शांती मला आयुष्यात सगळ्यांत जास्त लागली ती याच उन्हाळ्यात.

ऊन असं, की शहाबादी फरशीवर उघड्या पाठीनं झोपलं तरी कूस बदलावी लागायची, कारण खालची फरशी तापायची. बाहेर रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. आई शेंगा फोडत बसलेली, चटणीसाठी. पंखा गरम हवा इकडची तिकडं करायचा. आणि आम्ही दोघं टीव्हीसमोर, मधे चुरमुरे, यंत्राखाली ओलं फडकं. कारण त्या यंत्राला ताप चढायचा. कॅसेटच्या आतली बॅटरी मेलेली, त्यामुळं खेळ साठवून ठेवायची सोय नाही. बंद केलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून आम्ही ते बंदच करायचो नाही. वडील यायच्या आधी नुसता टीव्ही बंद करायचा आणि यंत्राच्या लाल दिव्यावर सोलापुरी चादरीची घडी ठेवायची. वडिलांना वाटायचं, पोरगं चादर नीट घडी घालून ठेवायला शिकलं.

पाण्याच्या भुयारात पहिल्यांदा गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. मोठी दगडी विहीर म्हणा, मजल्यावर मजले. तळाशी एक खटका. इरफाननं तो ओढला आणि टीव्हीतून धो धो आवाज सुरू झाला. पाणी वर चढायला लागलं. आईचा हात शेंगांच्या सुपातून उडाला. "आलं व्हय पाणी?" म्हणत ती उठली, पदर खोचला, हंडा घेतला आणि बाहेर नळाकडं धावली. तेवढ्यात भिंतीपलीकडून इरफानची अम्मी घागर घेऊन बाहेर. तिला बघून समोरची, समोरचीला बघून कोपऱ्यावरची. भर दुपारी गल्लीत बायकांची रांग आणि नळ कोरडा ठणठणीत. आवाज आमच्या घरातून येतोय हे कळल्यावर जे झालं ते सांगत नाही. त्या दिवसापासून पाण्याचं भुयार आम्हाला आवाज बंद करून खेळावं लागलं.

बाहेरच्या वाचकाला हे जरा समजावून सांगायला पाहिजे. आमच्याकडं पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाच, कधी वाट बघायला लावतं. पाण्याचा दिवस म्हणजे त्या दिवशी कुणी बाहेरगावी जायचं नाही, कुणी आजारी पडायचं नाही, साखरपुडा असेल तर नवऱ्या मुलाच्या मावशीनं घरी थांबायचं. हौद, टाकी, पिंप, हंडे, बादल्या, शेवटी पातेली आणि अगदी शेवटी पेले. सगळं कडेपर्यंत. भरलेल्या हंड्याचं तोंड झाकून ठेवताना आईच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं, ते माझ्या दहावीच्या निकालानंही आलं नाही. घरात कायदा एकच. नवं पाणी आल्याशिवाय जुनं सांडायचं नाही. त्या कायद्याला अपील नव्हतं.

आता बघा, भुयार पूर्ण भरलं. आम्ही खूश. टाकी फुल्ल! बुटका वरच्या मजल्यावर पोहत पोहत गेला, दोन पेट्या उघडल्या, एक चावी मिळाली. ती लागणारं दार मात्र पार तळाशी, पाण्याखाली. बुटक्याचा दम तिथवर पुरेना. आम्ही किती वेळा बुडवला त्याला! आई म्हणायची, "त्याच्या आईला कळिवलं का रं कुणी?" एक दिवस, दोन दिवस, आठवडा, पंधरवडा. सगळ्या भिंती धडका मारून तपासल्या. सगळ्या कोनाड्यांत तलवार फिरवली.

आणि आता लाजिरवाणी गोष्ट. वरच्या मजल्यावर दुसरा एक खटका होता. त्यावर खाली जाणारा बाण. तो आम्हाला दिसत नव्हता असं अजिबात नाही. रोज त्याच्या समोरून जात होतो. ओढला की पाणी उतरणार हेही शेंबड्या पोराला कळेल असं चित्र होतं. पण तो ओढायचा असतो, हे आमच्या डोक्यातच शिरेना.

एकदा इरफान भीत भीत म्हणाला, "अबे, खाली करके देखें क्या?"

"येडा है क्या तू? इत्तं भरेला पानी?"

आईनं शेंगा फोडता फोडता मान वर केली. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण हा विषय तिचा होता. "भरल्यालं सोडायचं न्हाय. हातातलं सोडलं आन परत आलंच न्हाय तर?"

पटलंच आम्हाला. सगळ्या जगात पोरं या भुयाराला शिव्या घालत होती ती त्याच्या अवघडपणाबद्दल. आम्ही अडकलो होतो ते संस्कारांमुळं.

शेवटी ते झालंच. पाण्याचा दिवस होता, आई बाहेर नळावर. चुरमुरे घ्यायला इरफान वळला आणि त्याच्या कोपराखाली बटण दाबलं गेलं. बुटका नेमका खटक्यापाशी. पाणी सर्रकन खाली, मजल्यामागं मजला उघडा, आणि तळाशी ते दार. आमच्याकडं बघत उभं. चावी लागली, दार उघडलं, आत निळा उजेड. आम्ही दोघं असे ओरडलो की आई कमरेवर हंडा तसाच घेऊन आत आली. तिनं टीव्ही बघितला. कोरडं पडलेलं भुयार बघितलं. चेहरा असा झाला, जसं आम्ही घरचाच हौद गटारीत सोडलाय.

"कुणी केलं हे?"

"हात लग गया मावशी."

आणि त्याच क्षणी लाईट गेली. पंखा थांबला, टीव्ही विझला, यंत्राचा लाल दिवा विझला. पंधरवड्याची मेहनत, ते दार, तो निळा उजेड, सगळं गेलं. मागून आईचा आवाज आला, "भोगा आता. पाण्याचा शाप लागतुया." त्यानंतर ती टीव्हीकडं पाठ करूनच बसायची. पुढच्या आठवड्यात मामू परत निघाले आणि यंत्रही त्यांच्या बॅगेत गेलं. इरफान गच्चीवर जाऊन रडला. मीही रडलो, पण मी मोरीत, कारण मला माझी पत सांभाळायची होती.

दाराच्या आत काय आहे ते मला कळलं काही वर्षांनी, पुण्याच्या होस्टेलवर. माझा खोलीतला जोडीदार पुण्याकडचाच, नळ उघडा ठेवून दात घासणारा. त्याच्या कॉम्प्युटरवर हाच खेळ. पाण्याच्या भुयारात शिरला, भरलं, आणि विचारही न करता दुसरा खटका ओढला. मी जागेवरून उठलो. "अरे अरे अरे!"

"काय झालं?"

"पाणी सोडलंस!"

तो माझ्याकडं बघत राहिला. "मग? लागलं की भरू परत." आणि खरंच, तळाचा खटका त्यानं पुन्हा ओढला, पाणी पुन्हा वर आलं. मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोललो नाही. का, ते त्याला आजवर कळलेलं नाही.

यंदा हे सगळं मी सोलापुरातच बसून आठवलं, त्याला कारण आईचा गुडघा. वडील गेल्यापासून ती त्या घरात एकटी. गुडघा असा झालाय, की उठताना ती आधी भिंतीला धरते, मग कपाटाला, मग मला चार शिव्या देते आणि त्या जोरावर उभी राहते. पण पाण्याच्या दिवशी बाईच्या अंगात येतं. हंडा काखेत, एक एक पायरी करत गच्चीवर, टाकीत काठी घालून पाणी किती चढलं ते बघणार. मागच्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरली. इरफाननं धरलं म्हणून वाचली. तो अजून भिंतीपलीकडंच आहे. गॅरेज चालवतो, दाढी पांढरी झालीय आणि पोट माझ्यापेक्षा पुढं. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदला, नाहीतर आता पडल्या तर खुबा मोडेल. ऑपरेशन पुण्यात करायचं, नंतर माझ्याकडं राहायचं, व्यायाम करायचा, चालायला लागायचं. यात न समजण्यासारखं काही नाही.

पण वर्षभर मी फोन करतोय आणि उत्तर ठरलेलं.

"आई, पुढच्या सोमवारी येतो न्यायला."

"सोमवारी पाणी हाय."

"मग बुधवारी?"

"सोमवारी न्हाय आलं तर बुधवारी येतंय."

शेवटी या मे महिन्यात मी रजा टाकून थेट येऊन बसलो. म्हटलं, नेल्याशिवाय हलत नाही. तीही म्हणाली, बस. पहिले दोन दिवस भांडणात गेले. इरफान मधे पडला. "मावशी, मैं भरतो की पाणी. तुम्ही बिनघोर जाव."

"तू टाकी वरपत्तूर भरत न्हाईस. तुज्या बापानं बी कधी भरली न्हाय."

इरफान हसत हसत उठून गेला. मग स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता, माझ्याकडं पाठ करून, ती एकदम म्हणाली, "मी गेले की घर कोरडं पडंल. एकदा कोरडं पडलं की तू म्हणशील, कशाला ठिवायचं. कुलूप लावशील. आन मग मला कुटं परत आणतोस?"

माझ्या हातातला तुकडा हातातच राहिला. वर्षभर मी गुडघ्याबद्दल बोलत होतो आणि ती या घराबद्दल बोलत होती. मला लई वाईट वाटलं. "आणीन की गं," म्हणालो, पण तो आवाज माझा मलाच पुरेना. तिनं भाकरी उलटली.

दुपारी जेवणं झाली. तेच ऊन, तीच फरशी, फक्त पंखा नवा. आई पाय उशीवर टाकून पडलेली. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी यंत्र काढलं, टीव्हीला जोडलं. तसबीर अजून तिथंच आहे, टीव्ही मात्र चपटा झाला.

आईनं डोळे बारीक केले. "त्योच बुटका व्हय? अजून मेला न्हाय?"

"रोज मरतो."

"शेंगा खात न्हाय वाटतं, जोर कुटनं यायचा." ती कोपरावर उठून बसली. इरफान कलिंगडाच्या फोडी घेऊन आला आणि टीव्ही बघून दारातच थांबला. "अबे! पानी वाला! आवाज बंद कर, गल्ली जमा होईंगी." तो येऊन फरशीवर बसला, गुडघे कटाकट वाजवत. पाणी वर चढत गेलं, कडेपर्यंत.

मग आई म्हणाली, "त्या दिवशी खाली दार हुतं न्हवं? त्याच्या आत काय हुतं रं?"

"सांगण्यात मजा नाही. बघायचं असेल तर तो खटका ओढावा लागतो."

"ते मला ठावं हाय." तिनं हात पुढं केला. "दे हिकडं."

मी कंट्रोलर तिच्या हातात दिला. पोळपाट धरावा तसा तिनं तो दोन्ही हातांनी धरला. बटण कुठलं ते दाखवलं. बुटका खटक्यापाशी उभा. आईचा अंगठा बटणावर आणि बटण काही दबेना. इरफाननं फोड तोंडाजवळ नेलेली तशीच धरून ठेवली. तेवढ्या वेळात रस्त्यावरून भंगारवाला ओरडत पार पुढच्या गल्लीत गेला.

"परत न्हाय आलं तर?" आईनं हळूच विचारलं, स्वतःलाच.

आणि दाबलं. पाणी उतरायला लागलं. तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट असं पकडलं की बोटांचे वळ उठले. मजला, मजला, मजला, आणि तळ. दार. मी चावी लावली. निळा उजेड. तिनं ते जरा वेळ बघितलं. मला वाटलं, आता विचारेल राक्षस कुठाय, खजिना कुठाय. ते काहीच नाही.

"आता हे असंच कोरडं ऱ्हाणार व्हय?"

"नै मावशी," इरफान म्हणाला, "वो देखो ना, खाली वो पहिला खटका. वो ओढा तो फिरसे भरतंय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. बुटक्याला खाली नेलं, कंट्रोलर परत तिच्याकडं दिला. तिनं दाबलं. पाणी निघालं. तळ झाकला, दार झाकलं, मजल्यावर मजले भरत कडेपर्यंत येऊन थांबलं. तिनं पुन्हा वर नेऊन उतरवायला लावलं. पुन्हा भरायला लावलं. अख्खी दुपार आम्ही तिघं तेच करत होतो. राक्षस बिचारा दाराच्या आत वाट बघत बसला, त्याच्याकडं कुणी गेलंच नाही.

ऊन उतरलं तसं आईनं कंट्रोलर खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"इरफान, वरपत्तूर भरशील? काठी घालून बघशील?"

"हौ मावशी. काठी कित्ती भिजली तो फोटो काढून पाठवतो. दर पाण्याच्या दिवशी."

मग ती माझ्याकडं वळली. डोळे भरलेले, आणि आवाजात तोच जुना, शेंगा फोडतानाचा जोर. "सोमवारचं तिकीट काढ. आन चालायला लागले की मला हितं आणून घालायचं, समाजलं?"

"आणून घालतो. शपथ."

"शपथ कशाला?" ती टीव्हीतल्या काठोकाठ भरलेल्या भुयाराकडं बघत म्हणाली. "परत भरता येतंय, हे एवढी वर्सं मला कुणी सांगायचं न्हाय व्हय रं मुडद्यांनो?"